म्हातारपणचे डोळे आणि परसातले फळ



आपण लिहायला-वाचायला शिकलो. कुणी तिशीत शिकले, कुणी साठीत. पोथी हाती घेतली, एस.टी.ची पाटी वाचता आली, सातबाऱ्यावरचे आपले नाव आपल्याला कळले. हे फार चांगले झाले. पण अक्षर ओळखू लागावे आणि डोळेच अंधुक व्हावेत, तर किती हळहळ वाटेल! म्हणून या धड्यात आपण डोळ्यांविषयी बोलू. त्यातही म्हातारपणच्या डोळ्यांविषयी आणि फळांविषयी.

आम्ही डॉक्टर नव्हे. आम्ही मास्तर. पण जाणत्या लोकांनी जे शोधून काढले ते सोपे करून सांगणे हे मास्तराचे कामच आहे. या धड्याचे सांगणे थोडक्यात असे :

फळ हे डोळ्यांचे औषध नव्हे. फळ ही डोळ्यांची राखण आहे.

शेतकऱ्याला राखण म्हणजे काय ते सांगायला नको. कणीस भरले की माळ्यावर बसून पाखरे हाकावी लागतात. ती रोज हाकावी लागतात. पाखरांनी दाणे खाल्ल्यावर माळ्यावर कितीही वेळ बसले, तरी गेलेले दाणे परत येत नाहीत. फळांचे आणि डोळ्यांचे नाते असेच आहे. ते कसे, हे आता पाहू.

डोळा आतून कसा असतो?

डोळ्यात समोर काळे गोल दिसते. त्याच्या मधोमध बाहुली असते. ही बाहुली म्हणजे एक बारीक खिडकी आहे. उजेड त्या खिडकीतून आत जातो.

खिडकीच्या मागे एक भिंग असते. चष्म्याची काच असते ना, तसे. पण मऊ आणि मसुराच्या दाण्याच्या आकाराचे, त्याहून मोठे. ते पाण्यासारखे स्वच्छ असते.

भिंगाच्या मागे, डोळ्याच्या तळाशी, एक पातळ पडदा असतो. तंबूतल्या सिनेमात पडद्यावर चित्र पडते. तसे बाहेरच्या जगाचे चित्र या पडद्यावर पडते. तेथून ते मेंदूला कळते आणि मग आपल्याला दिसते.

म्हणजे नीट दिसायला दोन गोष्टी तरी हव्यात. भिंग स्वच्छ हवे आणि पडदा शाबूत हवा.

वय झाले की काय होते?

कच्चे अंडे फोडले की आतला पांढरा भाग खरे तर पांढरा नसतो. तो पाण्यासारखा आरपार दिसतो. अंडे उकडले की तोच भाग दुधासारखा पांढरा होतो. मग त्यातून पलीकडचे दिसत नाही. आपल्या डोळ्यातल्या भिंगाचे वयपरत्वे असेच काहीसे होते. ते हळूहळू गढूळ होते. यालाच मोतीबिंदू म्हणतात.

उकडलेले अंडे पुन्हा कच्चे करता येते काय? नाही. तसेच गढूळ झालेले भिंग फळाने, रसाने किंवा थेंबांनी पुन्हा स्वच्छ होत नाही. ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

दुसरा विकार पडद्याचा. पडद्याच्या बरोबर मधला भाग फार नाजूक असतो. सुईत दोरा ओवणे, अक्षर वाचणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे, ही कामे तो करतो. काही माणसांत म्हातारपणी हा मधला भाग झिजतो. माणूस घरात हिंडू-फिरू शकतो, पण समोर आलेल्या नातवाचे तोंड त्याला ओळखू येत नाही. मधोमध डाग दिसतो. सरळ रेघ वाकडी दिसते.

आपल्या देशात मोतीबिंदूचा त्रास सर्वांत मोठा आहे. सन २०१५ ते २०१९ या काळात सरकारने देशभर पाहणी केली. पन्नाशीच्या वरच्या लोकांचे डोळे तपासले. जे आंधळे आढळले, त्यांच्यापैकी शंभरात ६६ जणांचे आंधळेपण मोतीबिंदूमुळे होते. म्हणजे तीन आंधळ्यांपैकी दोघे मोतीबिंदूमुळे आंधळे होते. आणि मोतीबिंदूवर शस्त्रक्रिया आहे! पुन्हा दिसू शकले असते अशी ही माणसे काठी टेकत चाचपडत होती. यासारखी वाईट वाटण्याची गोष्ट नाही.

फळात असे काय असते?

नांगराचा फाळ पावसात उघडा ठेवला की त्याला गंज चढतो. हवा आणि पाणी लोखंडाला खातात. आपल्या शरीरातही असेच चालते. प्राणवायू आपल्याला जगवतो, पण त्याच्यामुळे शरीराची बारीक झीजही होते. डोळ्यावर तर जन्मभर ऊन पडते. म्हणून तेथे ही झीज अधिक.

या झिजेला आवर घालणारी काही द्रव्ये आहेत. त्यांतले एक म्हणजे ‘क’ जीवनसत्त्व. डोळ्याच्या भिंगाभोवती जे पाणी असते, त्यात हे जीवनसत्त्व रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट अधिक असते. शरीराने ते तेथे मुद्दाम साठवलेले असते. राखणदार नेमावा तसे.

आता एक गंमत ऐका. गाय, शेळी, कुत्रा यांच्या अंगात ‘क’ जीवनसत्त्व आपोआप तयार होते. माणसाच्या अंगात ते तयार होत नाही. शेळीला आवळा खाल्ला नाही तरी चालते, आपल्याला चालत नाही. आपल्याला ते बाहेरून, खाण्यातूनच मिळवावे लागते. शिवाय शरीर ते फार दिवस साठवून ठेवत नाही. जादा झाले तर लघवीवाटे टाकून देते. म्हणून वर्षातून एकदा आंबे भरपूर खाल्ले आणि मग अकरा महिने फळाकडे पाहिले नाही, हे बरोबर नाही. थोडे, पण रोज हवे.

पपई, आंबा अशा पिवळ्या-केशरी फळांत ‘अ’ जीवनसत्त्वाचा कच्चा मालही असतो. ते कमी पडले तर रातांधळेपणा येतो. याखेरीज फळांत आणखी पुष्कळ उपयोगी द्रव्ये असतात.

पाहण्यांतून काय दिसले?

कुणी म्हणेल, “मास्तर, हे ऐकीव झालं. कुणी ताडून बघितलं का?” विचारावेच. असे विचारणारा शिष्य आम्हांला आवडतो.

आपल्याच देशात ताडून पाहिले आहे. उत्तर भारतात आणि दक्षिण भारतात साठीच्या वरच्या साडेपाच हजारांहून अधिक लोकांचे डोळे तपासले. त्यांच्या रक्तात ‘क’ जीवनसत्त्व किती, हेही मोजले. सन २०११ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. ज्यांच्या रक्तात हे जीवनसत्त्व अधिक होते, त्यांच्यात मोतीबिंदू कमी आढळला.

याच पाहणीत दुसरी एक गोष्ट उघड झाली. ती जास्त बोचणारी आहे. उत्तरेकडच्या म्हाताऱ्यांपैकी शंभरात ७४ जणांच्या रक्तात ‘क’ जीवनसत्त्व फारच कमी होते. दक्षिणेकडे शंभरात ४६ जणांचे तसे होते. तंबाखू वापरणारे आणि लाकूड-गोवरीच्या चुलीवर स्वयंपाक होणाऱ्या घरांतले लोक यांच्यात ही उणीव अधिक दिसली. आवळ्या-पेरूच्या देशात म्हातारी माणसे फळाला मुकलेली!

विलायतेतही एक पाहणी झाली. तेथे जुळ्या बहिणींच्या ३२४ जोड्या घेतल्या. दहा वर्षांनी पुन्हा त्यांचे डोळे पाहिले. ज्यांच्या खाण्यात ‘क’ जीवनसत्त्व अधिक होते, त्यांच्यात मोतीबिंदू वाढण्याचा धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळला. हे २०१६ साली प्रसिद्ध झाले.

पडद्याच्या रोगाविषयीही पाहिले गेले. ऑस्ट्रेलियात सिडनी शहराजवळ ब्लू माउंटन्स नावाचा डोंगराळ भाग आहे. तेथील पन्नाशीच्या वरच्या दोन हजारांहून अधिक लोकांवर पंधरा वर्षे लक्ष ठेवले. रोज निदान एक संत्रे खाणाऱ्यांत पडद्याचा हा रोग बळावण्याचा धोका, संत्री मुळीच न खाणाऱ्यांपेक्षा, साठ टक्क्यांहून अधिक कमी दिसला. हे २०१८ साली छापून आले. अमेरिकेत त्याआधी एक लाखाहून अधिक स्त्री-पुरुषांची पाहणी झाली होती. तिचा निष्कर्ष २००४ साली आला. रोज तीन वेळा किंवा अधिक फळ खाणाऱ्यांत या रोगाचा एक वाईट प्रकार सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळला.

मात्र येथे थोडे थांबू. तराजू नीट धरला पाहिजे.

ज्याच्या परसात पेरूचे झाड आहे, त्याच्या घरी विहीरही असते. दूधदुभतेही असते. तो कदाचित विडी कमी ओढतो. मग त्याचे डोळे पेरूने राहिले की दुधाने, की विडी नसल्याने? अशा पाहण्यांतून हे पुरते वेगळे काढता येत नाही. म्हणून शहाणे लोक म्हणतात, “फळ खाल्ल्याने डोळ्यांचे रक्षण होत असावे.” ‘होतेच’ असे ते म्हणत नाहीत. आम्हीही म्हणणार नाही. पण फळात तोटा काही नाही, आणि ते हृदयाला, पोटाला, दातांच्या हिरड्यांनाही हितकारक आहे. मग ते का सोडावे?

फळाऐवजी गोळी घेतली तर?

“रोज फळ कोण आणणार? त्यापरीस जीवनसत्त्वाची गोळी बरी,” असे काहींना वाटते. याचीही परीक्षा झाली आहे. मदुराईजवळच्या खेड्यांत ३५ ते ५० वयाच्या सुमारे आठशे लोकांना निवडले. निम्म्यांना जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. असे पाच वर्षे चालले. शेवटी पाहिले, तर दोन्ही गटांत मोतीबिंदूची वाढ सारखीच! गोळ्यांचा उपयोग झाला नाही. ही गोष्ट २००६ साली प्रसिद्ध झाली.

पडद्याच्या रोगात मात्र थोडे निराळे आहे. तो रोग मध्यम पायरीवर असेल, तर ठरावीक गोळ्यांनी तो पुढे सरकण्याचा धोका सुमारे चौथ्या हिश्शाने कमी होतो, असे अमेरिकेत २००१ साली आढळले. पण त्या गोळ्या कुणाला द्यायच्या, हे डोळ्यांच्या डॉक्टरनेच ठरवायचे. विडी ओढणाऱ्याला तर त्यांतली एक गोळी अपायकारक ठरते. तेव्हा दुकानातून आपल्या मनाने गोळ्या आणू नका.

कोणते फळ? किती?

हैदराबादला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. मोठ्या माणसाने रोज सुमारे १०० ग्रॅम फळ खावे, असे ती सांगते. म्हणजे एक मध्यम पेरू, किंवा एक लहान संत्रे, किंवा पपईची एक चांगली फोड. एवढेच. टोपलीभर नको.

आजारी माणसाला भेटायला जाताना आपण सफरचंद नेतो. ते महाग, म्हणून त्यात गुण अधिक, असे आपण धरून चालतो. पण ‘क’ जीवनसत्त्वाच्या बाबतीत उलटे आहे. सफरचंदात ते फारच थोडे असते. संत्र्यात चांगले असते. पेरूत संत्र्याच्या चार-पाच पट असते. आणि आवळ्यात त्याहूनही अधिक! किंमत आणि गुण यांची गल्लत करू नका.

आपल्या मुलखात जवळजवळ बारा महिने काही ना काही मिळते :

हिवाळ्यात पेरू, आवळा, बोरे आणि नागपुराकडची संत्री.
उन्हाळ्यात आंबा, करवंदे, कलिंगड. कोकणात आणि गोव्यात काजूची बोंडे. बोंडातही ‘क’ जीवनसत्त्व भरपूर असते. बी विकतो आणि बोंड टाकून देतो, असे करू नका.
पावसाच्या तोंडावर जांभूळ. पुढे सीताफळ.
पपई आणि लिंबू तर बहुधा बाराही महिने.

फळ खाण्याच्या काही रीती आहेत :

फळ धुऊन घ्या. चिरून फार वेळ ठेवू नका. हवा लागून त्यातले ‘क’ जीवनसत्त्व कमी होते.

फार शिजवू नका. आचेने हे जीवनसत्त्व बरेच नष्ट होते. मोरावळा गोड लागतो, पण त्यात साखर फार. त्यापेक्षा ताजा आवळा किसून, मीठ लावून, भाकरीबरोबर खावा. वरणभातावर लिंबू पिळायचे ते ताटात पिळावे, चुलीवरच्या भांड्यात नको.

रस काढण्यापेक्षा फळच खावे. रसात चोथा जातो आणि साखर झरकन रक्तात उतरते.

फळाबरोबर हिरवी पालेभाजीही हवी. पालक, मेथी, शेवग्याचा पाला, राजगिरा. डोळ्याच्या पडद्याला लागणारी काही द्रव्ये फळांपेक्षा या पाल्यांत अधिक असतात.

दात नसलेल्यांचे काय? पेरूच्या बिया त्यांना चावत नाहीत, खरे आहे. त्यांना पिकलेली पपई द्या. पेरूचा गर बिया काढून, कुस्करून द्या. आवळ्याचा कीस दह्यात कालवून द्या. संत्र्याच्या फोडींची साल सोलून द्या. दात नाहीत म्हणून फळ बंद, असे करू नका.

मधुमेह असेल तर? फळ अगदी बंद करण्याचे कारण नाही. पण डॉक्टरला विचारून, थोडे, आणि अख्खे फळ खावे. पेरू चालतो, आंब्यावर आंबा चालत नाही. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर मात्र कोणते फळ खावे हे डॉक्टरला विचारल्याशिवाय खाऊ नका.

फळ कुणाच्या ताटात पडते?

आता थोडे घरातले बोलू. राग मानू नका.

घरात फळ आले की काय होते?

“आत्याबाई, घ्या की पेरूची फोड.”

“नको गं बाई. पोरांना दे. आम्ही काय, पिकली पानं!”

“आणि पोरं खेळायला गेलीत.”

“मग ठेव झाकून. येतील नि खातील.”

असे संवाद घरोघर होतात. आजी नको म्हणते, कारण तिला लहानपणापासून नको म्हणायला शिकवले आहे. आधी पोरे, मग कर्ते पुरुष, मग सुना आणि उरले तर आजी. बहुधा उरत नाही. आजोबांचे तरी बरे, पारावर कुणी बोरे दिली तर खातात. आजी चुलीपुढून उठतच नाही. चुलीचा धूरही तिच्याच डोळ्यांत आणि फळ मात्र तिला नाही.

पोरांना फळ द्यायलाच हवे. त्यांच्या तोंडचे काढा असे आम्ही म्हणत नाही. पण एका पेरूच्या सहा फोडी होतात. त्यांतली एक आजीची, असे ठरवून टाका. विचारू नका, हातावर ठेवा. विचारले की ती नकोच म्हणणार.

दुसरे. परसातल्या पेरूची पाटी भरून आपण बाजारात नेतो. चार पैसे मिळतात, ते हवेतच. पण त्याच पैशांतून येताना बिस्किटाचा पुडा घेऊन येतो! सोने देऊन पितळ आणले, असे हे झाले. पाटीतले पाच-सहा पेरू घरी काढून ठेवा. मग पाटी डोक्यावर घ्या.

आणि जमेल त्याने एक झाड लावावे. न्हाणीच्या सांडपाण्यावर पपई येते. लिंबू येते. शेवगा तर बांधावर येतो. पपई वर्षाच्या आत-बाहेर फळ देऊ लागते. चुलीच्या जागी धूर न करणारी शेगडी आली, आणि तंबाखू-विडी सुटली, तर राखण आणखी पक्की होईल.

फळ कुठे कामाचे नाही?

हा भाग दोनदा वाचा. या भागावर कुणाची तरी दृष्टी अवलंबून आहे.

मोतीबिंदू झाला असेल, तर फळे खाऊन तो जाणार नाही. उकडलेल्या अंड्याची गोष्ट आठवा. “अमुक रस प्या, मोतीबिंदू विरघळतो,” असे कुणी सांगितले तर ते खोटे आहे. मोतीबिंदूला एकच उपाय. गढूळ भिंग शस्त्रक्रियेने काढायचे आणि त्या जागी नवे कृत्रिम भिंग बसवायचे. शस्त्रक्रिया लहान असते. बहुतेकांना त्याच दिवशी घरी जाता येते. सरकारी रुग्णालयात ती मोफत होते.

“मोतीबिंदू पिकू द्या, मग बघू,” हे जुने बोलणेही आता सोडा. पूर्वी तशी रीत होती. आता थांबण्याची गरज नाही. रोजच्या कामाला अडचण होऊ लागली की डॉक्टरला दाखवावे. फार पिकू दिला तर डोळ्यातला दाब वाढून डोळा कायमचा जाण्याची भीती असते.

काचबिंदू हा निराळा रोग आहे. त्यात डोळ्यामागची शीर खराब होते. तो चोरपावलांनी येतो. फळांनी तो थांबत नाही. मधुमेहानेही डोळ्याचा पडदा बिघडतो. दुखत काही नाही, म्हणून कळत नाही. म्हणून चाळिशीनंतर डोळे तपासून घ्यावेत. मधुमेह असणाऱ्याने तर दरवर्षी तपासावेत.

आणि एक अगदी महत्त्वाचे. फळ तोंडाने खायचे असते. डोळ्यात घालायचे नसते. काही लोक डोळ्यात लिंबाचा रस पिळतात, कांद्याचा रस घालतात, मध घालतात, झाडपाल्याचा रस घालतात. याने बुबुळाला जखम होते, ती चिघळते आणि डोळ्यात फूल पडते. मोतीबिंदू तरी काढता येतो. फूल पडले तर फार अवघड होते. डोळ्यात डॉक्टरने दिलेल्या थेंबांवाचून काहीही घालू नका.

घरी करायची परीक्षा

ही परीक्षा सोपी आहे. पैसे लागत नाहीत. जवळचा चष्मा असेल तर लावा. उजवा डोळा तळहाताने झाका, दाबू नका. डाव्या डोळ्याने दाराच्या उभ्या चौकटीकडे पाहा. मग भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या चौकोनांकडे पाहा. आता डावा झाका आणि उजव्याने पाहा.

रेघ वाकडी, लाटेसारखी दिसते काय? मध्ये काळा डाग दिसतो काय? एका डोळ्याने दुसऱ्याहून बरेच अंधुक दिसते काय? यांतले काहीही असेल, तर लवकर डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवा. आणि दृष्टी एकाएकी गेली, डोळा लाल होऊन ठणकू लागला किंवा दिव्याभोवती रंगीत कडी दिसून डोके फार दुखू लागले, तर बाजाराची वाट पाहू नका. त्याच दिवशी जा.

दोन्ही डोळे उघडे असताना एक डोळा गेलेला पुष्कळांना कळतच नाही. चांगला डोळा काम भागवून नेतो. म्हणून एकेक डोळा झाकून पाहायचे. महिन्यातून एकदा पाहावे. घरातल्या प्रत्येक वडीलधाऱ्याची ही परीक्षा घ्या. हे काम नातवंडांना सांगा. त्यांना मास्तर व्हायला फार आवडते.

ध्यानात ठेवा

१. रोज एक फळ. थोडे, पण रोज.
२. पेरू, आवळा, पपई, संत्रे, लिंबू, बोरे. जे जवळ पिकते ते खा. महाग तेच चांगले, असे नाही.
३. आजी-आजोबांची फोड वेगळी काढा. विचारू नका, हातावर ठेवा.
४. फळ राखण करते. झालेला रोग बरा करीत नाही.
५. मोतीबिंदूला शस्त्रक्रिया. तो पिकण्याची वाट पाहू नका.
६. डोळ्यात कोणताही रस घालू नका.
७. विडी-तंबाखू सोडा. धूर टाळा. उन्हात टोपी, पदर किंवा छत्री घ्या.

प्रश्न

१. मोतीबिंदूत डोळ्याचा कोणता भाग गढूळ होतो?
२. शेळीला फळाची गरज नाही, माणसाला आहे. का?
३. सफरचंद आणि पेरू यांत ‘क’ जीवनसत्त्व कशात अधिक?
४. फळाला औषध न म्हणता राखण का म्हटले?
५. तुमच्या घरात सर्वांत वडील कोण? आज त्यांनी कोणते फळ खाल्ले? त्यांना विचारा आणि उत्तर वहीत लिहा.

पाचव्या प्रश्नाचे उत्तर ‘कोणतेच नाही’ असे आले, तर वही मिटा आणि आधी परसात जाऊन या.